बँक फार्मवरचा मुलगा : एका मृत्यूने घडवलेला कायदा

🧵 थ्रेड

१/
९ जानेवारी १९४५. दुसरे महायुद्ध अखेरच्या टप्प्यात होते. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात मिन्स्टर्ली गावाजवळ ‘बँक फार्म’ नावाचे एक एकाकी शेतघर होते. मुलाला झटके येत आहेत, असा निरोप तेथून डॉक्टरांना गेला. डॉक्टर पोहोचले तेव्हा मुलगा काही तास आधीच मरण पावलेला होता. त्याचे नाव डेनिस ओ'नील, वय अवघे बारा वर्षे. हा मुलगा त्या घरचा नव्हता. सरकारनेच त्याला तेथे सांभाळायला ठेवले होते.

२/
त्याच्या पायांवर चिघळलेल्या जखमा होत्या, अंगावर माराचे वळ होते आणि वजन वयाच्या मानाने फारच कमी होते. उपासमारीने खंगलेल्या शरीराला छातीवर झालेली मारहाण सोसली नाही व हृदय बंद पडले, असा वैद्यकीय निष्कर्ष निघाला. या एका मृत्यूनंतर साडेतीन वर्षांच्या आत ब्रिटनमधील निराधार मुलांविषयीचा सगळा कायदा बदलला. तो कसा बदलला, आणि बदलूनही काय शिल्लक राहिले, त्याचा हा इतिहास.

३/
प्रथम एक भेद स्पष्ट असावा. दत्तक घेतलेले मूल कायद्याने त्या घराचे होते. नाव, वारसा, नाते सारे बदलते. प्रतिपालक कुटुंबात ठेवलेले मूल मात्र त्या घराचे होत नाही. त्याची कायदेशीर जबाबदारी शासनाकडे किंवा जन्मदात्यांकडे राहते. कुटुंब त्याला सांभाळते आणि त्यासाठी भत्ता मिळतो. महाराष्ट्रातील ‘बालसंगोपन योजना’ साधारण याच विचारावर उभी आहे. या व्यवस्थेची ताकद आणि तिचा धोका, दोन्ही या अर्धवट नात्यातच आहेत.

४/
इंग्लंडमध्ये या प्रथेची मुळे ‘पुअर लॉ’ म्हणजे गरिबांविषयीच्या कायद्यात सापडतात. १८३४च्या सुधारित कायद्याने निराधारांना वर्कहाउसमध्ये ठेवण्याचे धोरण पक्के केले. तेथील जगणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही कष्टाचे असावे, म्हणजे लोक मदत मागायला धजणार नाहीत, हे त्यामागचे तत्त्व. प्रौढांना धाक बसावा म्हणून आखलेल्या या इमारतींत हजारो मुलेही वाढू लागली. त्यांचा अपराध इतकाच, की त्यांना कोणी नव्हते.

५/
स्कॉटलंडची वाट वेगळी होती. ग्लासगोसारख्या शहरांतील निराधार मुले खेड्यापाड्यांतील शेतकरी कुटुंबांकडे ठेवण्याची पद्धत तेथे जुनी होती. तिला ‘बोर्डिंग आउट’ म्हणत. इंग्लंडमध्येही तिचे समर्थक वाढले आणि १८७०च्या सरकारी आदेशाने दूरच्या खेड्यांतील घरांत मुले ठेवण्यास रीतसर परवानगी मिळाली. देखरेखीसाठी गावोगावी स्वयंसेवकांच्या समित्या नेमल्या गेल्या. सांभाळाचा भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त चार शिलिंग ठरला.

६/
त्याच १८७० साली लंडनमध्ये मार्गारेट वॉटर्स या स्त्रीला फाशी झाली. पैसे घेऊन तान्ही मुले ‘सांभाळायला’ घ्यायची आणि उपासमारीने मरू द्यायची, असा तिचा धंदा होता. त्याला ‘बेबी फार्मिंग’ हे नाव पडले. १८७२मध्ये तान्ह्या मुलांच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण त्याला दात नव्हते. १८९६मध्ये अमेलिया डायर याच अपराधासाठी फासावर गेली आणि पुढच्याच वर्षी कायदा कडक झाला. परक्या घरी दिलेल्या मुलाकडे कोणीतरी पाहत राहिले पाहिजे, हा धडा एकोणिसाव्या शतकातच मिळाला होता.

७/
तो धडा सर्वांत नीट शिकलेली व्यक्ती म्हणजे मिस मेसन. १८८५मध्ये सरकारने त्यांना बोर्डिंग आउट केलेल्या मुलांच्या निरीक्षक म्हणून नेमले. १९१०पर्यंत त्या इंग्लंड-वेल्सची खेडी पायाखाली घालत राहिल्या. त्यांची पद्धत साधी होती. घरमालकिणीच्या गोड बोलण्यावर त्या विसंबत नसत. मुलाचे बूट आणि मोजे उतरवून पाय पाहत, गरज भासल्यास कपडे काढून अंगही तपासत. चेहरा आणि हात कोणीही धुऊन ठेवतो. दुर्लक्ष दिसते ते झाकलेल्या अंगावर.

८/
साठ वर्षांनंतर डेनिसच्या पायांवर जे आढळले, ते मिस मेसनच्या तपासणीत पहिल्याच भेटीत दिसले असते. म्हणजे १९४५मध्ये कमतरता ज्ञानाची नव्हती. ज्ञान होते, नियमही होते. ते पाळण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हेच पुसट होऊन गेले होते. डेनिसच्या कहाणीतील खरा दोष समजून घ्यायचा तर या पुसट रेषेवर लक्ष ठेवावे लागते.

९/
ओ'नील कुटुंब वेल्समधील न्यूपोर्टचे. घरची परिस्थिती हलाखीची आणि मुलांची आबाळ झालेली. न्यायालयाने मुलांना आईवडिलांकडून काढून न्यूपोर्ट नगर परिषदेच्या स्वाधीन केले. १९३३च्या कायद्याच्या भाषेत नगर परिषद ही त्या मुलांची ‘योग्य व्यक्ती’ ठरली. एखादी संस्था कायद्याने ‘व्यक्ती’ ठरू शकते. परंतु रात्री मूल जेवले की नाही, हे विचारणारी व्यक्ती होणे तिला जमेलच असे नाही.

१०/
१९४४च्या उन्हाळ्यात या भावंडांसाठी घाईने नवी घरे शोधावी लागली. जूनच्या अखेरीस डेनिस बँक फार्मवर रेजिनल्ड व एस्थर गॉफ या दांपत्याकडे आला आणि काही दिवसांनी धाकटा टेरेन्सही तेथेच आला. तिसरा भाऊ फ्रेडी जवळच्याच दुसऱ्या शेतकरी कुटुंबात राहिला. तेथे त्याची नीट काळजी घेतली गेली. एकाच खोऱ्यात, एकाच नगर परिषदेने ठेवलेल्या भावांच्या नशिबात एवढे अंतर पडले. व्यवस्थेऐवजी योगायोग काम करत होता, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

११/
मुले न्यूपोर्टची आणि घर श्रॉपशायरमध्ये. जबाबदारी न्यूपोर्टची होती, प्रत्यक्ष देखरेख मात्र श्रॉपशायरच्या अधिकाऱ्यांनी करावी अशी अपेक्षा. दोन्ही कार्यालयांत पत्रे फिरत राहिली आणि समोरचा पाहत असेल, अशी प्रत्येकाची समजूत राहिली. बोर्डिंग आउट केलेल्या मुलांची वैद्यकीय तपासणी व्हावी, असा नियम होता. गॉफ यांच्याकडे असताना डेनिसला एकाही डॉक्टरने तपासले नाही.

१२/
२० डिसेंबर १९४४ रोजी न्यूपोर्टच्या कार्यालयातील एक तरुण कर्मचारी बँक फार्मवर गेली. डेनिस तिला आजारी आणि भेदरलेला दिसला. मुलांना येथून ताबडतोब हलवावे, अशी शिफारस तिने केली. एका माणसाने तरी दार ठोठावले होते, पाहिले होते, बरोबर ओळखले होते. मध्ये नाताळ आला, कचेऱ्यांचा पत्रव्यवहार आपल्या गतीने चालू राहिला. वीस दिवसांनी डेनिस मरण पावला.

१३/
मार्च १९४५मध्ये स्टॅफर्ड येथे खटला चालला. लहानग्या टेरेन्सने न्यायालयात उभे राहून आपल्या भावावर काय गुदरले ते सांगितले. रेजिनल्ड गॉफला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची, तर एस्थर गॉफला मुलाची हेळसांड केल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. युद्धाच्या बातम्यांनी भरलेल्या वृत्तपत्रांतही या खटल्याला मोठी जागा मिळाली. लोकांचा संताप केवळ त्या दांपत्यावर नव्हता. मुलाला तेथे ठेवले कोणी, हा प्रश्न घरोघरी विचारला जात होता.

१४/
सरकारने चौकशीसाठी सर वॉल्टर मॉन्क्टन यांना नेमले. मराठवाड्याच्या इतिहासात रस असणाऱ्यांना हे नाव परिचित असेल. हैदराबादच्या निजामाचे घटनात्मक सल्लागार म्हणून १९४७च्या ‘जैसे थे’ कराराच्या वाटाघाटींत पुढे वावरलेले मॉन्क्टन ते हेच. त्यांचा अहवाल मे १९४५मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना ठेवण्यापूर्वी घराची पुरेशी चौकशी झाली नाही, नंतरची देखरेख तुटक राहिली आणि दोन कार्यालयांतील गोंधळात मुले हरवली, हे त्यातून उघड झाले.

१५/
तथापि सुधारणेची हाक डेनिसच्या मृत्यूपूर्वीच दिली गेली होती. १५ जुलै १९४४ रोजी ‘द टाइम्स’मध्ये लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांचे पत्र छापून आले. युद्धोत्तर पुनर्रचनेच्या एवढ्या योजना होत असताना संस्थांत वाढणाऱ्या मुलांचा विचार कोणीच करत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. या पत्रावर वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. संस्थांत वाढलेल्या अनेक प्रौढांनी आपापले अनुभव लिहून पाठवले. लेडी ॲलन यांनी पुढे ‘हूज चिल्ड्रन?’ म्हणजे ‘मुले कोणाची?’ ही पुस्तिका काढली.

१६/
लोकांचे मन तयार होण्यामागे युद्धाचाही वाटा होता. सप्टेंबर १९३९मध्ये बाँबहल्ल्यांच्या भीतीने सुमारे पंधरा लाख लोकांना, त्यातही मुख्यतः मुलांना, शहरांतून खेड्यांत हलवले गेले. लाखो घरांत परकी मुले राहायला आली. एकट्या मुलासाठी आठवड्याला साडेदहा शिलिंग आणि एकाहून अधिक मुले असल्यास प्रत्येकी साडेआठ शिलिंग, असा भत्ता यजमानांना मिळे. आईवडिलांपासून तुटलेले मूल रात्री अंथरूण ओले करते, गप्प होते किंवा आक्रमक होते, हे आता पुस्तकातले ज्ञान राहिले नाही. शेजारच्या घरात ते दिसत होते.

१७/
याच काळात मानसशास्त्रज्ञांनीही निरीक्षणे नोंदवली. सुझन आयझॅक्स यांनी केंब्रिजमध्ये स्थलांतरित मुलांची पाहणी केली. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमध्ये युद्धकालीन पाळणाघरे चालवली. ऑक्सफर्डशायरमध्ये डॉ. डोनल्ड विनिकॉट आणि समाजसेविका क्लेअर ब्रिटन यांनी, कोणत्याच घरात न टिकलेल्या मुलांच्या वसतिगृहांत काम केले. मुलाला अन्न आणि छप्पर पुरत नाही, आपले म्हणावे असे टिकाऊ माणूस लागते, असेच त्या सगळ्यांना आढळले. आणि अशा मुलाला सांभाळणाऱ्या माणसालाही कोणाचा तरी आधार लागतो.

१८/
१९४५मध्ये मायरा कर्टिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजच्या प्राचार्या होत्या. सदस्य संस्थासंस्थांतून हिंडले, कोठारे पाहिली, शयनगृहे पाहिली. घरापासून वंचित अशी सुमारे सव्वा लाख मुले इंग्लंड व वेल्समध्ये होती. त्यांची जबाबदारी गृह, आरोग्य, शिक्षण अशा अनेक खात्यांत वाटलेली होती. उघड क्रौर्य समितीला क्वचितच आढळले. आढळली ती कोरडी व्यवस्था, जिच्यात मुलाकडे स्वतःचे खेळणे नसे, स्वतःचा कप्पा नसे, आणि त्याच्याशी निवांत बोलायला कोणी नसे.

१९/
डेनिसच्या प्रकरणानंतर प्रतिपालक कुटुंबांची पद्धतच बंद करावी, असे समितीला म्हणता आले असते. लोकभावना अनुकूल होती. १९४६च्या अहवालाने उलट भूमिका घेतली. मुलाचे आपल्या घरी परतणे शक्य नसेल तर दत्तक सर्वांत चांगले, नंतर प्रतिपालक कुटुंब आणि ते न जमल्यास लहान गटांची निवासस्थाने, असा क्रम त्याने लावला. प्रत्येक जिल्ह्यात एक स्वतंत्र ‘चिल्ड्रन्स ऑफिसर’ असावा आणि त्याने मुलांना नावानिशी ओळखावे, ही अहवालाची मध्यवर्ती सूचना. घराची पद्धत वाईट नव्हती. घराला एकटे सोडणे वाईट होते.

२०/
स्कॉटलंडसाठी क्लाइड समितीने असाच अहवाल दिला. तिनेही प्रतिपालक कुटुंबांनाच पसंती दिली. मात्र शहरी मुले अतिदुर्गम, गरीब शेतघरांत ठेवण्यावर तिने कडक टीका केली, कारण अशा ठिकाणी मूल मुलासारखे न वागवता फुकटचा गडी म्हणून राबवले जाण्याची भीती असते. जुन्या पद्धतीचा गौरव करतानाच तिचे दोष सांगणारा हा समतोल आजही वाचनीय वाटतो.

२१/
५ जुलै १९४८. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा याच दिवशी सुरू झाली, म्हणून ही तारीख प्रसिद्ध आहे. १९४८चा चिल्ड्रन ॲक्टही त्याच दिवशी अमलात आला. आता प्रत्येक स्थानिक संस्थेला स्वतंत्र बालसमिती आणि चिल्ड्रन्स ऑफिसर नेमणे बंधनकारक झाले. मुलाचे सर्वोत्तम हित पाहणे, त्याच्या स्वभावाचा व क्षमतांचा विकास होऊ देणे, हे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. गरिबाच्या मुलाला जगू देणे आणि त्याला वाढू देणे, या दोहोंत शंभर वर्षांचे अंतर होते. कायद्याने ते एका वाक्यात ओलांडले.

२२/
या कायद्यात तरुणांचीही आठवण ठेवली होती. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना शिक्षण व उदरनिर्वाहासाठी मदत करण्याची, त्यांच्यासाठी वसतिगृहे चालवण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. मात्र कायद्याच्या भाषेत ‘करावे’ आणि ‘करता येईल’ यांत फार मोठे अंतर असते. लहान मुलाला सांभाळणे हे कर्तव्य ठरले. अठरा वर्षांच्या मुलाला आधार देणे बव्हंशी मर्जीवर राहिले. पुढची पन्नास वर्षे या एका शब्दाची किंमत हजारो तरुणांनी मोजली.

२३/
१९४७मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बालसंगोपन अधिकाऱ्यांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला. तो चालवणाऱ्या होत्या क्लेअर ब्रिटन, पुढच्या क्लेअर विनिकॉट. त्याच वर्षी राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ॲगाथा ख्रिस्ती यांनी बीबीसीसाठी एक नभोनाट्य लिहिले. प्रतिपालकांच्या छळाने मेलेल्या मुलाची सावली त्याच्या कथानकावर पडलेली होती. त्याचेच पुढे ‘द माउसट्रॅप’ झाले. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये सुरू झालेले हे नाटक जगात सर्वाधिक काळ चाललेले नाटक ठरले. प्रेक्षक खुनी कोण हे शोधत बसतात. त्या कथेच्या मुळाशी बँक फार्म आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

२४/
कायद्यानंतर प्रतिपालक कुटुंबांत ठेवलेल्या मुलांचे प्रमाण वाढत गेले. १९४९मध्ये ते एकतृतीयांशाहून थोडे अधिक होते, १९६०च्या दशकाच्या आरंभी निम्म्याच्या आसपास पोहोचले. पण ही घरे टिकत होती का? रॉय पार्कर यांनी १९६६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की दीर्घकाळासाठी ठेवलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांची व्यवस्था पाच वर्षांच्या आत मोडली होती. घरात त्याच वयाचे किंवा अगदी लहान स्वतःचे मूल असेल तर ती अधिक वेळा मोडे. ‘प्रेमळ घर’ सापडले म्हणजे काम संपले, हा समज या आकड्याने खोटा ठरवला.

२५/
भत्ता मुलाच्या खर्चापुरता असावा, सांभाळणाऱ्याला मोबदला नसावा, अशी तेव्हाची धारणा होती. बेबी फार्मिंगच्या स्मृतीतून ती आली होती. १९७५मध्ये केंट परगण्यात नॅन्सी हेझल यांनी तिला छेद दिला. कोणीही घ्यायला तयार नसलेल्या किशोरवयीन मुलांसाठी त्यांनी कुटुंबे शोधली, त्यांना रीतसर मानधन दिले, ठरावीक मुदतीचा करार केला आणि ही कुटुंबे नियमित एकत्र बसून अडचणी बोलतील अशी व्यवस्था केली. ज्यांना संस्थेशिवाय पर्याय नाही असे मानले जाई, ती मुले घरांत राहू लागली. एक वर्ष आधी, १९७४मध्ये, प्रतिपालकांची स्वतःची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली होती.

२६/
दरम्यान आणखी एका मृत्यूने देश हादरला. जानेवारी १९७३मध्ये ब्रायटनची सात वर्षांची मारिया कोलवेल सावत्र वडिलांच्या मारहाणीत दगावली. तिला आत्या आणि तिच्या पतीने अनेक वर्षे प्रतिपालक म्हणून नीट सांभाळले होते. तेथून काढून तिला आईकडे परत पाठवले गेले. मूल जाण्यास तयार नव्हते. शेजाऱ्यांनी आणि शिक्षिकेने इशारे दिले होते. डेनिसच्या वेळी प्रतिपालकांवर डोळे मिटून विश्वास ठेवला गेला. मारियाच्या वेळी चांगल्या प्रतिपालकांच्या शब्दाला वजनच दिले गेले नाही. दोन्ही चुकांत एक गोष्ट समान राहिली. मुलाचे ऐकले गेले नाही.

२७/
मुले स्वतः बोलू लागली ती त्यानंतर. १९७५मध्ये शासनाच्या ताब्यातील किशोरांना एकत्र आणण्याचा उपक्रम झाला. त्यांचे अनुभव १९७७मध्ये ‘हू केअर्स?’ या पुस्तकात प्रसिद्ध झाले. १९७९मध्ये त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना उभारली. अठराव्या वाढदिवसाला भत्ता थांबतो, सामान बांधावे लागते आणि परतायला घर उरत नाही, ही त्यांची तक्रार होती. इतर घरांतील तरुण नोकरी गेली, आजार आला की आईवडिलांकडे येतात. यांनी कोठे यायचे?

२८/
उत्तर यायला वेळ लागला. २०००च्या ‘लीव्हिंग केअर’ कायद्याने अशा तरुणांना स्वतंत्र सल्लागार आणि लेखी योजना देणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य केले. साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि शिक्षण चालू असल्यास त्यापुढेही. २०१४मध्ये इंग्लंडमध्ये आणखी एक पाऊल पडले. तरुण आणि प्रतिपालक दोघांची इच्छा असेल, तर एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच घरात राहता यावे यासाठी पाठबळ देणे बंधनकारक झाले. १९४८चे ‘करता येईल’ अखेर ‘करावे’ झाले. त्याला साठाहून अधिक वर्षे लागली.

२९/
भारतात २०१५च्या बाल न्याय कायद्याने प्रतिपालक कुटुंबाची तरतूद स्पष्टपणे केली. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांसाठी एकविसाव्या वर्षापर्यंतच्या मदतीचाही त्यात उल्लेख आहे. महाराष्ट्रात अशा मदतीला ‘अनुरक्षण’ हा शब्द रूढ आहे. ही कलमे कागदावर वाचताना १९४८चा अनुभव आठवावा. कोणत्या ओळीत कर्तव्य आहे आणि कोणत्या ओळीत केवळ मुभा, हे तपासण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडते.

३०/
टेरेन्स ओ'नील त्या घरातून वाचला. आपल्या आणि डेनिसच्या बालपणाची हकिकत त्याने ‘समवन टू लव्ह अस’ या पुस्तकात सांगितली. ते २०१०मध्ये प्रसिद्ध झाले, भावाच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनी. कायद्याने प्रेम करता येत नाही, हे खरे. पण कायदा दर महिन्याला दार ठोठावू शकतो, मुलाचे मोजे उतरवून पाय पाहू शकतो, त्याच्याशी एकट्याने बोलू शकतो. थकलेल्या प्रतिपालक आईचा फोनही तो उचलू शकतो. २० डिसेंबर १९४४च्या त्या शिफारशीवर कोणी दुसऱ्याच दिवशी गाडी काढली असती, तर हा थ्रेड लिहावा लागला नसता.

(समाप्त)